पहारा आणि हाक

‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या.’ हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आज महाराष्ट्रात सापडणं कठीण आहे. सातबारा काढायला गेलेल्या शेतकऱ्याने ते ऐकलं आहे, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला रांगेत उभ्या राहिलेल्या मुलीने ऐकलं आहे, हयातीचा दाखला द्यायला गेलेल्या आजोबांनीही ऐकलं आहे. खिडकीच्या अलीकडचा माणूस परत फिरतो. त्याची दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं वाया जातं. खिडकीच्या पलीकडे बसलेल्याच्या हातातही काही नसतं. मी गेली अनेक वर्षं या दोघांच्याही मागे, सर्व्हरच्या बाजूला काम करतो आहे. ते वाक्य कानावर पडलं की माझ्या मनात एकच प्रश्न येतो : सर्व्हर बंद आहे हे तो चालवणाऱ्याला कळलं आहे का? फार वेळा उत्तर ‘नाही’ असतं. रांगेतल्या पन्नास जणांना माहीत असतं, खिडकीवरच्या माणसाला माहीत असतं, आणि ज्याने उठून दुरुस्ती करायची तो निवांत जेवत असतो, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

या पुस्तकाचा विषय एवढाच आहे. वेबसाइट किंवा एपीआय चालू आहे की नाही यावर यंत्राने अखंड लक्ष ठेवायचं, आणि बिघडलं की योग्य माणसाला ताबडतोब हाक मारायची. बिघाड कुणालाच चुकत नाहीत. जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांचे सर्व्हर बंद पडतात, तिथे आपल्या तालुक्याच्या पतसंस्थेची काय कथा. पण आपल्या बिघाडाची बातमी गिऱ्हाइकाकडून कळणं ही आपली चूक आहे, आणि ती टाळता येते. फार थोड्या खर्चात टाळता येते, म्हणून तर हे पुस्तक लिहायचा खटाटोप केला.

१६ जुलै २०२१ हा दिवस अनेक घरांना आठवत असेल. करोनामुळे परीक्षा न होता दहावीचा निकाल लागला होता. दुपारी एक वाजता तो ऑनलाइन दिसायचा होता, आणि साइट कोलमडली. पंधरा लाखांहून अधिक मुलं आणि त्यांचे आईवडील तासन्‌तास फोनवर तेच पान पुन्हापुन्हा उघडत बसले. त्या दुपारची घालमेल टक्केवारीत मावत नाही, आणि आमच्या धंद्यात तर सगळा कारभार टक्केवारीत चालतो. तेव्हा त्या टक्केवारीचा अर्थ आधी सांगतो.

वर्षाचे तास ८,७६०. ‘आमची सेवा ९९ टक्के वेळ चालू असते’ असं कुणी म्हटलं की ऐकायला भरघोस वाटतं. पण उरलेला एक टक्का म्हणजे ८७ तास ३६ मिनिटं, साडेतीन दिवसांहून अधिक. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद. ९९.९९ टक्के म्हणजे साडेबावन्न मिनिटं. आणि ज्याला आम्ही ‘पाच नऊ’ म्हणतो, ते ९९.९९९ टक्के म्हणजे वर्षभरात मिळून सव्वापाच मिनिटं. दर पाच मिनिटांनी तपासणी करणाऱ्याने पाच नऊंची भाषा करू नये. दोन तपासण्यांच्या मधल्या फटीतच त्याचं वर्षभराचं खातं संपून जातं. आणखी एक गोष्ट या आकड्यांत दिसत नाही. समजा, निकालाची एखादी साइट ऐन निकालाच्या दुपारी पाच तास बंद पडली आणि बाकी वर्षभर सुरळीत चालली. हिशेब ९९.९४ टक्के येतो. कागदावर उत्तम आणि प्रत्यक्षात पूर्ण नापास. किती वेळ बंद होती याच्या आधी, कुणाला गरज असताना बंद होती, हे विचारायला हवं. करारात आकडा लिहिण्यापूर्वी ज्याच्या त्याच्या धंद्याचा ‘निकालाचा दिवस’ कोणता ते शोधावं, असा आग्रह मी पुढे सबंध पुस्तकभर धरला आहे.

पाहणी करण्याची सगळ्यात जुनी आणि साधी रीत म्हणजे ‘पिंग’. अमेरिकेच्या लष्करी संशोधन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुडीच्या शोधासाठी पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनी ऐकतात, त्या सोनारच्या आवाजावरून त्यांनी त्याचं नाव ठेवलं. आपण हाक घालायची, पलीकडून ‘ओ’ येते का ते ऐकायचं आणि किती वेळात आली ते मोजायचं. चार दशकं उलटली तरी पिंग कामाला येतो. पण ‘ओ’ देणारा माणूस घरात आहे एवढंच त्यावरून कळतं. तो काम करण्याच्या स्थितीत आहे का, हे कळत नाही. मशीन पिंगला उत्तर देत असतं, आणि त्यावरचा वेब सर्व्हर केव्हाच बंद पडलेला असतो. वेब सर्व्हर चालू असतो, पण डेटाबेस गेलेला असतो. सगळ्यात फसवा प्रकार पुढचा. पान मागितलं की सर्व्हर एक क्रमांक परत देतो : २०० म्हणजे सगळं ठीक, ४०४ म्हणजे पान सापडत नाही, ५०० च्या घरातले म्हणजे सर्व्हरचीच चूक. अनेक साइटी डेटाबेस तुटल्याचा संदेश पानावर छापतात आणि क्रमांक मात्र २०० देतात. क्रमांकावर विसंबलेला पहारेकरी समाधानाने पुढच्या घरी जातो. म्हणून पानावर जो मजकूर असायलाच हवा, उदाहरणार्थ ‘खाते क्रमांक टाका’ ही ओळ, तो आहे की नाही हे तपासावं लागतं.

एपीआयचं तर याहून नाजूक असतं. एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्या प्रोग्रामशी बोलण्याची खिडकी. तिथे माणसाचा डोळा नसतो, त्यामुळे ‘आज काहीतरी विचित्र दिसतंय’ असं म्हणणारा कुणी नसतो. उत्तर वेळेत आलं, क्रमांक २०० आला, पण रकमेच्या जागी शून्य आलं, तर पुढचा प्रोग्राम ते शून्य निमूटपणे पुढे ढकलतो. अशा ठिकाणी पाहणीने खराखुरा व्यवहार करून बघावा : चाचणीचं खातं, त्यात लॉगिन, एक रुपयाची नोंद, ती नोंद परत वाचून पडताळणी. आणि उत्तर यायला लागलेला वेळही नोंदवावा, तोही सरासरीत नव्हे. शंभरांतल्या पंच्याण्णव जणांना एका सेकंदात उत्तर मिळालं आणि पाच जण वीस सेकंद ताटकळले, तर सरासरी दोन सेकंदांच्या आत येते आणि ते पाच जण हिशेबातून नाहीसे होतात.

शिवाय एपीआय एकटा नसतो, साखळीत असतो. भाजीवाल्याच्या क्यूआर कोडवर आपण चाळीस रुपये देतो तेव्हा आपलं अ‍ॅप, त्यामागची बँक, यूपीआय चालवणाऱ्या मुंबईतल्या एनपीसीआय या संस्थेची मधली यंत्रणा, आपलं खातं असलेली बँक आणि भाजीवाल्याची बँक, एवढ्या सगळ्यांनी काही क्षणांत एकमेकांना होकार द्यायचा असतो. अशा पाच कड्यांतली प्रत्येक कडी ९९.९ टक्के चालणारी आणि आपापल्या वेळी स्वतंत्रपणे बिघडणारी धरली, तर सबंध साखळी ९९.५ टक्क्यांवर येते, म्हणजे वर्षाला पावणेनऊऐवजी जवळजवळ चव्वेचाळीस तास. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवरून एका महिन्यात पहिल्यांदाच दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. त्या पसाऱ्यात एक कडी अडखळली तर किती हात खिशाकडे जाऊन रिकामे परत येतात, याचा अंदाज यावरून करावा.

त्याच वर्षी १२ एप्रिलला यूपीआय अडखळलं तेव्हाचं कारण आमच्या विषयाच्या गाभ्याशी येतं. काही बँकांच्या यंत्रणा अडकलेल्या व्यवहारांची विचारपूस करणाऱ्या विनंत्या प्रचंड वेगाने पाठवत राहिल्या. ‘त्या व्यवहाराचं काय झालं?’ हाच प्रश्न इतक्या वेळा विचारला गेला की उत्तर देणारी यंत्रणाच दबली. पुढे १ ऑगस्ट २०२५ पासून एका अ‍ॅपवरून दिवसाला ५० वेळाच शिल्लक तपासण्याची मर्यादा आली, आणि व्यवहाराची विचारपूस किती वेळा, किती अंतराने करायची यावरही बंधनं आली. आजाऱ्याला दर मिनिटाला उठवून ‘बरं वाटतंय का’ विचारलं तर त्याला झोप कशी लागणार? तपासणीचं अंतर ठरवताना समोरच्यावर पडणारा भार मोजणं आणि उत्तर आलं नाही तर दर खेपेला थोडं जास्त थांबून विचारणं, यासाठी मी एक अख्खं प्रकरण खर्ची घातलं आहे. ते घाईने वाचू नये.

आता पहारेकरी कुठे उभा करायचा ते. तो घरात उभा करू नये. हे मी स्वतःच्या अनुभवाने शिकलो, म्हणून सविस्तर सांगतो.

उमेदवारीच्या काळात आम्ही एका पतसंस्थेची साइट सांभाळत होतो. मी दर पाच मिनिटांनी साइट तपासणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. साइट बंद दिसली की मला ई-मेल. स्क्रिप्ट त्याच सर्व्हरवर होती आणि मेल पाठवणारी सेवाही तिथेच. एका शुक्रवारी रात्री मशीनची मेमरी संपली, आणि संकट आवरण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमने जे प्रोग्राम मारले त्यांत डेटाबेस होता आणि मेलची सेवाही होती. स्क्रिप्ट इमानाने दर पाच मिनिटांनी मेल लिहीत राहिली. ते सगळे रांगेत पडून राहिले. सोमवारी सकाळी साडेनऊला संस्थेच्या व्यवस्थापकांचा फोन आला. शनिवारपासून सभासद विचारत होते. एका सभासदाला मुलीच्या फीसाठी ठेवीचा तपशील हवा होता. मी सेवा पुन्हा सुरू केली आणि पुढच्या दहा मिनिटांत माझ्या खात्यात सातशेहून अधिक मेल येऊन पडले. प्रत्येकात एकच ओळ : साइट बंद आहे. ते सातशे मेल मी पुष्कळ वर्षं काढून टाकले नव्हते.

हीच चूक फार मोठ्या प्रमाणावरही झालेली आहे. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात एस-थ्री ही साठवणीची सेवा बंद पडली. एका कर्मचाऱ्याला काही थोडे सर्व्हर काढायचे होते. आज्ञेत एक आकडा चुकीचा गेला आणि भलतेच जास्त सर्व्हर निघाले. हजारो साइटी अडल्या. पण सेवांची स्थिती जगाला सांगणारं अमेझॉनचं स्वतःचं पान जवळजवळ दोन तास बदलता आलं नाही, कारण ते पान बदलण्याची यंत्रणा त्याच एस-थ्रीवर अवलंबून होती. तोवर खबर द्यायला ट्विटर वापरावं लागलं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास बंद होते; आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते. नेहमीच्या देखभालीतल्या एका आज्ञेने कंपनीचं अंतर्गत जाळंच तुटलं आणि दुरुस्तीची साधनंही त्याच जाळ्यावर असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं. ज्या छोट्या कंपन्यांचे सगळे अलर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येत होते, त्यांचा पहारा त्या रात्री मुका होता. तेव्हा नियम साधा आहे : पहारेकरी दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या डेटा सेंटरात, शक्य तर दुसऱ्या कंपनीकडे, आणि त्याची हाक निदान दोन वेगळ्या वाटांनी यावी. पाहणीची ठिकाणंही दोनतीन असावीत. मुंबईहून साइट दिसत नाही पण सिंगापूरहून दिसते, तर दोष बहुधा वाटेत आहे, घरात नाही.

हाकेची वाट बंद आहे हे हाक मारायची वेळ येईपर्यंत कळत नाही, हा या विषयातला सगळ्यात अवघड पेच. गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री थकलेल्या अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेसचं फोल्डरच पुसलं. मग बॅकअप शोधायला गेले तर बॅकअपची जागा रिकामी. बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हता, त्यामुळे तो रोज अपयशी ठरत होता. तो अपयशाचा मेलही पाठवत होता, पण त्या मेलवर योग्य सही नसल्याने मेल सर्व्हर तो नाकारत होता. सहा तासांपूर्वी त्याच अभियंत्याने वेगळ्याच कामासाठी सहज घेतलेली एक प्रत होती, म्हणून कंपनी वाचली. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. हे सगळं गिटलॅबने लपवलं नाही, दुरुस्ती चालू असताना ती यूट्यूबवर थेट दाखवली. त्या मोकळेपणाचं मला आजही कौतुक वाटतं, कारण त्यामुळे हजारो अनोळखी लोक शहाणे झाले.

यावर उपाय उलटा विचार करण्याचा आहे. ‘बिघडलं तर सांग’ असं म्हणण्याऐवजी ‘काम झालं की हजेरी लाव’ असं सांगायचं. रात्री दोनला बॅकअप पूर्ण झाला की त्याने बाहेरच्या पहारेकऱ्याकडे हजेरी लावायची. तीनपर्यंत हजेरी लागली नाही तर पहारेकऱ्याने हाक मारायची. इंग्रजीत याला हृदयाच्या ठोक्यावरून नाव आहे. मी ‘हजेरी’ हाच शब्द वापरला आहे, कारण शाळेत आणि कारखान्यात तो आपण याच अर्थाने वापरतो : न आलेला माणूस त्याच्या न येण्यानेच कळतो. ‘अलर्ट’ला मी बहुतेक ठिकाणी ‘हाक’ म्हटलं आहे आणि ‘मॉनिटरिंग’ला ‘पहारा’ किंवा ‘पाहणी’. सर्व्हर, साइट, लॉगिन हे शब्द तसेच ठेवले. ते आता मराठीच आहेत.

आपल्याकडच्या एका अडचणीकडे परदेशी पुस्तकांत कुणी लक्ष वेधत नाही. भारतात कंपनीच्या नावाने एसएमएस पाठवायचा तर त्याचा नमुना आधी नोंदवावा लागतो, आणि मजकूर नमुन्याशी जुळला नाही तर संदेश वाटेतच अडवला जातो. ८ मार्च २०२१ ला ही पडताळणी कडक झाली तेव्हा देशभर ओटीपी अडकले आणि ती काही दिवस थांबवावी लागली. तुमच्या अलर्टच्या एसएमएसमध्ये उद्या कुणी एक शब्द बदलला, तर तो कदाचित कधीच पोहोचणार नाही. दर महिन्याला एकदा मुद्दाम खोटा बिघाड घडवून हाक खरोखर येते का ते पाहावं.

आता हाका फार झाल्या तर काय होतं ते. मी असे तरुण पाहिले आहेत, ज्यांच्या फोनवर रात्रीत चाळीस अलर्ट येतात आणि ते सगळे आवाज बंद करून झोपतात. त्यांना आळशी म्हणणं अन्याय आहे. ज्याने त्या चाळीस हाका लावल्या, दोष त्याचा आहे. गुगलच्या अभियंत्यांनी २०१६ साली आपल्या कामाच्या पद्धतींवर पुस्तक काढलं. एका घटनेचा शोध, दुरुस्ती आणि नंतरचं लेखन मिळून सुमारे सहा तास जातात, म्हणून बारा तासांच्या पाळीत दोनपेक्षा जास्त घटना येता कामा नयेत, असा हिशेब त्यांनी मांडला आहे. माणसाच्या झोपेची किंमत अशी आकड्यात मांडलेली पाहून मला फार समाधान वाटलं. रात्री माणसाला उठवणाऱ्या प्रत्येक हाकेला एकच कसोटी लावावी : उठून त्याने लगेच काही करायचं आहे का? डिस्क ऐंशी टक्के भरली हे सकाळी कळलं तरी चालतं. पैसे भरण्याचं पान उघडत नाही, हे रात्री तीनलाही कळलं पाहिजे. एकदा तपासणी चुकली म्हणून कुणाला उठवू नये. लागोपाठ दोनतीनदा, दोन ठिकाणांहून चुकली तर उठवावं. १९९९ पासून वापरात असलेल्या नॅगिऑस या पाहणीच्या साधनात लागोपाठ चुकलेल्या तपासण्या मोजण्याची सोय आहे. २०१२ मध्ये साउंडक्लाउड या कंपनीत जन्मलेल्या प्रॉमिथिअसमध्ये बिघाड किती मिनिटं टिकला तर हाक मारायची ते लिहिता येतं. छोट्या संस्थेला मात्र मी अपटाइम कुमासारख्या मोफत, मुक्त साधनापासून सुरुवात करायला सांगेन. एका दुपारी बसवून होतं. साधनांची भांडणं या पुस्तकात नाहीत.

शेवटचा मुद्दा सगळ्यात क्षुल्लक दिसतो आणि सगळ्यात जास्त वेळा घात करतो : मुदती. साइटच्या सुरक्षेचं प्रमाणपत्र ठरावीक तारखेला संपतं, डोमेनचं नाव ठरावीक तारखेला संपतं. ३ फेब्रुवारी २०२० ला मायक्रोसॉफ्ट टीम्स काही तास बंद पडलं ते एका प्रमाणपत्राची मुदत उलटून गेली म्हणून. पुढे हे आणखी अवघड होणार आहे. या प्रमाणपत्रांची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ मध्ये १०० आणि २०२९ मध्ये अवघी ४७ दिवस करण्याचं ठरलं आहे. वर्षातून एकदा डायरीत लिहून ठेवण्याची पद्धत आता पुरणार नाही. आणि लाखो छोट्या साइटी ज्यांचं मोफत प्रमाणपत्र वापरतात, त्या लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याचे मेल पाठवणं जून २०२५ पासून बंद केलं आहे. त्या मेलची वाट पाहत कुणी बसलं असेल, तर तो आता येणार नाही.

पुढची प्रकरणं कुठल्याही क्रमाने वाचली तरी चालतील. पण पान उलटण्यापूर्वी एक काम करा. तुम्ही जी साइट सांभाळता ती उघडा, पत्त्याच्या पट्टीतून प्रमाणपत्राचा तपशील काढा आणि ते कोणत्या तारखेला संपतं ते पाहा. ती तारीख, आणि त्या दिवशी ज्याला हाक जाईल त्याचा फोन नंबर, या पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा. ते पान त्यासाठीच कोरं सोडलं आहे.